पुष्पचक्राशेजारचे एक वाक्य

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला २६ जुलै म्हटले की आधी २००५ चा महापूर आठवतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या एका दिवसाचा पाऊस ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. कमरेएवढ्या पाण्यातून, रुळांवरून चालत घरी पोहोचलेल्यांच्या हकिकती ऐकतच आमची पिढी मोठी झाली. याच तारखेला कारगिल विजय दिन असतो, हे मात्र आमच्यापैकी पुष्कळांना महाविद्यालयाच्या फलकावरची सूचना वाचल्यावर कळते. हे लिहिताना थोडी लाज वाटते; पण आहे ते असे आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैमध्ये, या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनाचे काम माझ्याकडे आले. दिवस साधे नव्हते. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसे मारली गेली होती. त्यांत आपल्या शेजारच्या डोंबिवलीचे तिघे होते. पुढे ७ मेपासून चार दिवस सीमेवर तोफा, क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांचा भडिमार झाला. मुंबईत भोंगे वाजवून नागरी संरक्षणाची रंगीत तालीम घेण्यात आली, तेव्हा माझ्या आजीला १९७१ च्या डिसेंबरातला काळोख आठवला: मुलुंडच्या चाळीत खिडक्यांना लावलेले काळे कागद आणि “दिवा बंद करा” अशी खालून येणारी हाक. त्याच चार दिवसांत नियंत्रण रेषेवरच्या गोळीबारात मुरली नाईक हा अग्निवीर कामी आला. त्याचे मूळ गाव आंध्र प्रदेशात. पण आईवडिलांनी कष्टाची कामे करून संसार केला तो घाटकोपरच्या कामराज नगरात. पूर्व द्रुतगती मार्गावरून ज्या वस्तीकडे आपण बसच्या खिडकीतून रोज पाहतो, त्या वस्तीतला तो मुलगा.

सूत्रसंचालनाचे टिपण मी आठ दिवस खपून तयार केले. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान धारातीर्थी पडले, हा आकडा त्यात होता. मुरली नाईकचे नावही होते. शेवटी, पुष्पचक्र वाहून झाल्यावर आणि बिगूल वाजण्यापूर्वी, मी एक वाक्य घातले होते: “या यादीत यापुढे एकाही नावाची भर पडू नये, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडेही शांतता नांदावी, अशी आज प्रार्थना करू या.”

टिपण तपासणाऱ्या सरांनी पेन्सिलीने त्या वाक्याखाली रेघ ओढली, क्षणभर थांबले आणि मग तीच रेघ वाक्यावरून ओढली. म्हणाले, “वाक्य वाईट नाही. पण आजच्या दिवशी नको.”

मी वाद घातला नाही. सरांचा हेतू वाईट नव्हता. सभागृहात कुणी दुखावले जाऊ नये, एवढीच त्यांची काळजी होती. कार्यक्रम छान झाला, टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या. पण “आजच्या दिवशी नको” हे शब्द त्या दिवसापासून माझ्या मनात ठाण मांडून बसले आहेत. आजच्या दिवशी नको, तर कोणत्या दिवशी? ज्या दिवशी मेलेल्यांची आठवण कुणालाच नसते, त्या दिवशी शांततेबद्दल बोलले काय आणि न बोलले काय!

आपल्या मराठीत सण साजरे करतात आणि स्मृतिदिन पाळतात. ही दोन क्रियापदे आपण सहसा एकमेकांत मिसळू देत नाही. दिवाळी साजरी होते. वडिलांची तिथी पाळली जाते. कारगिल विजय दिनाची अडचण अशी की त्याच्या पोटात दोन्ही दिवस आहेत. टोलोलिंग आणि टायगर हिल परत घेतले, तो विजय साजरा करण्याचाच आहे. त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. पण त्या चढणींवर जे राहिले त्यांचा दिवस पाळायचा असतो. आपल्या सभागृहात झाले ते सगळे ‘साजरे’ होते. दोन मिनिटांच्या स्तब्धतेलाही मागे ध्वनिफीत लावलेली होती. पाळण्याचा भाग उरलाच नाही, आणि माझे ते वाक्य त्याच भागातले होते.

मात्र त्या दिवशी मला खरा धक्का बसला तो सरांकडून नव्हे. कार्यक्रम संपल्यावर उपाहारगृहात मी ही तक्रार माझ्या एका वर्गमैत्रिणीला सांगितली. ती राष्ट्रीय छात्रसेनेत आहे. पुष्पचक्रामागून संचलन करत ती आणि आणखी तिघी चालल्या होत्या. तिचे वडील सैन्यात आहेत. गाव सातारा जिल्ह्यातले. घर इथे भाड्याचे, आईच्या नोकरीमुळे. ती माझी बाजू घेईल असे मी धरून चालले होते. तिने चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “तुझं वाक्य ऐकून मलाही राग आला असता.”

“का गं?”

“कारण डिसेंबरात मी ध्वजदिनाचा डबा घेऊन वर्गावर्गांत फिरते, तेव्हा तू सुट्टे नाहीत म्हणतेस. बाबा कुठे आहेत, कसे आहेत, हे तीन वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस. आणि व्यासपीठावर चढलीस की एकदम शांतता!”

तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत, कारण शांततेच्या बाजूने बोलणाऱ्या आम्हा मंडळींचे एवढे नेमके परीक्षण मी दुसरीकडे वाचलेले नाही. आम्ही युद्धाविरुद्ध बोलतो तेव्हा सैनिक हा आमच्या वाक्यातला कर्ता नसतो, कर्मही नसतो. तो उदाहरण असतो. आम्हाला त्याचे नाव ठाऊक नसते, गाव ठाऊक नसते, त्याच्या मागे राहिलेल्यांना काय मिळते आणि काय मिळत नाही तेही ठाऊक नसते. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो आणि त्या निधीतून माजी सैनिकांसाठी, जवानांच्या विधवांसाठी आणि मुलांसाठी साहाय्य होते, हे मी त्या चहानंतर वाचले. चार वर्षांच्या करारावर भरती होणाऱ्या अग्निवीराला वीरमरण आले, तर कुटुंबाला विम्याची आणि सानुग्रह रक्कम मिळते; पण नियमित सैनिकाच्या घरच्यांना मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही, हेही तेव्हाच कळले. कामराज नगराशेजारून रोज जाऊन मला ते ठाऊक नव्हते. जे कोणी त्या दिवशी सभागृहात मुठी वळून घोषणा देत होते त्यांनाही ते ठाऊक असेल असे मला वाटत नाही. या एका बाबतीत शांततावादी आणि युद्धवादी एकाच बाकावर बसलेले आहेत.

तेव्हा शांततेचा शब्द उच्चारण्याचा हक्क फुकट मिळत नाही, हे मान्य. पण म्हणून तो शब्दच त्या दिवशी वर्ज्य, हे मात्र मान्य करता येत नाही. कारण ज्यांनी त्या हक्काची पुरेपूर किंमत मोजली आहे, त्यांतल्या काहींनी तो शब्द त्याच दिवशी उच्चारलेला आहे.

२०१९ ची गोष्ट घ्या. २७ फेब्रुवारीला काश्मीरमध्ये बडगामजवळ वायुसेनेचे हेलिकॉप्टर कोसळले. त्यात नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही मोठी चूक झाली, असे वायुसेनेच्या प्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्य केले. पण तेव्हा ते बाहेर आले नव्हते. सारा देश त्या आठवड्यात युद्धाच्या गोष्टी बोलत होता. अशा वेळी मांडवगणे यांच्या तरुण पत्नीने वार्ताहरांना सांगितले की आम्हाला युद्ध नको आहे. युद्धाने काय नुकसान होते हे घोषणा देणाऱ्यांना माहीत नाही. आणि ज्यांना एवढा जोश आहे त्यांनी समाजमाध्यमांवर लढण्यापेक्षा सैन्यात भरती व्हावे. नाशिकमध्ये पतीला निरोप देण्याच्या त्या दिवसांत ती हे बोलली. “आजच्या दिवशी नको” असे तिला कोण म्हणणार?

म्हणणारे निघतात, हे पुढे दिसले. पहलगामला मारल्या गेलेल्या एका तरुण नौदल अधिकाऱ्याचे लग्न होऊन जेमतेम आठवडा झाला होता. १ मे २०२५ ला, त्याच्या जन्मदिवशी, हरियाणातील कर्नालला रक्तदान शिबिर भरवले होते. तिथे त्याची पत्नी म्हणाली की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लोकांनी लागू नये. आम्हाला शांतता हवी आणि न्यायही हवा. ज्या लोकांनी आठवडाभर तिचे छायाचित्र दाराशी लावल्यासारखे मिरवले होते, त्यांतल्याच काहींनी तिला अशा शिव्या घातल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला निषेध करावा लागला. मृताचा सन्मान करणाऱ्यांना त्याच्या बायकोचे एक वाक्य ऐकवले नाही! तिच्या वाक्यातला ‘न्यायही’ हा शब्द मात्र आम्ही शांततावाल्यांनी नीट ऐकावा. शांतता म्हणजे ज्याने मारले त्याला मोकळे सोडणे नव्हे.

उपनगरात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. १३ मार्च २००३ ला मुलुंडला लोकलच्या डब्यात स्फोट झाला. २००६ च्या ११ जुलैला पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले. त्यांत जोगेश्वरी होते, बोरिवली होते, मिरा रोड होते, आणि दोनशेच्या आसपास माणसे कामावरून घरी परतताना मेली. आमच्यातल्या कित्येकांच्या घरी त्या संध्याकाळी उशिरा आलेले किंवा न आलेले कुणीतरी आहे. शांतता मागणारे आम्ही कुठल्या सुरक्षित बेटावर राहून ती मागत नाही.

आता सैनिकांकडेच वळू. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचा जन्म १९३३ साली आपल्या माटुंग्याचा. १९७१ च्या युद्धात ‘बियास’ या युद्धनौकेचे ते कप्तान होते. त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे १९९० ते १९९३ ते नौदलप्रमुख होते. निवृत्त झाल्यावर अलिबागजवळच्या भायमळा गावी शेती करत ते राहिले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी भारत-पाकिस्तान यांच्यात लोकांच्या पातळीवर मैत्री व्हावी आणि दोन्ही देशांनी अण्वस्त्रांचा नाद सोडावा, या कामी घालवले. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानचे इब्न अब्दुर रहमान यांना मिळून दिला गेला. २०२४ च्या मार्चमध्ये ते वारले. त्यांची मते साऱ्यांना पटत असत असे नाही; त्यांच्यावर कडक टीका करणारेही होते आणि त्यांतले काही माजी सैनिकच होते. पण या माणसाला सैन्याचा अपमान करणारा म्हणण्यासाठी पुष्कळच धाडस लागेल.

आणि एक साधी गोष्ट आपण विसरतो. ‘शस्त्रसंधी’ हा शब्द कवींनी काढलेला नाही, तो सैन्याच्या व्यवहारातला शब्द आहे. अटलबिहारी वाजपेयी १९९९ च्या फेब्रुवारीत बसने लाहोरला गेले. मे महिन्यात कारगिल सुरू झाले. त्यांच्याच कारकिर्दीत ते युद्ध जिंकले गेले. आणि त्यांच्याच कारकिर्दीत, २००३ च्या नोव्हेंबरमध्ये, नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाला. युद्ध जिंकलेल्या पंतप्रधानाला तो करताना हुतात्म्यांचा अवमान होतो असे वाटले नाही. तो शस्त्रसंधी पुढे झिजत गेला. २०२० या एका वर्षात त्याच्या भंगाच्या पाच हजारांहून अधिक घटना सरकार दरबारी नोंदल्या गेल्या. मग २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी संयुक्त निवेदन काढले आणि गोळीबार जवळजवळ थांबला, तो २०२५ च्या एप्रिलपर्यंत. त्या चार वर्षांत कितीतरी घरांत तार आली नाही (आता तार येत नाही, दूरध्वनी येतो, पण आमच्या आजीच्या तोंडी तारच आहे). जे नाव यादीत आले नाही ते कुठल्या दगडावर कोरता येत नाही, म्हणून त्याचे श्रेयही कुणाला मिळत नाही. १० मे २०२५ ला संध्याकाळी तोफा थांबल्या त्याही या महासंचालकांच्या दूरध्वनीवरच्या बोलण्यानंतर. शांतता ही सैनिकाच्या विरुद्धची मागणी असती, तर ती सैनिकांनीच इतक्या वेळा केली नसती.

इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी नोव्हेंबरात लाल पॉपीचे फूल छातीवर लावतात. १९३३ साली तिथल्या सहकारी चळवळीतील स्त्रियांच्या एका संघटनेने त्याच दिवसासाठी पांढरे फूल काढले. आठवण तीच, पण पुन्हा युद्ध नको असे सांगणारी. युद्धात नवरे, भाऊ, मुलगे गमावलेल्या बायका त्या पिढीत घरोघर होत्या. तरी त्या फुलावरून राग झाला, आणि अजून होतो. म्हणजे हा पेच काही आपल्याच सभागृहातला नाही.

इतका दूरचा दाखला कशाला, बोरिवलीलाच जाऊ या. आमच्या इतिहास मंडळाची सहल एकसर गावात गेली होती. इमारतींच्या गर्दीत तिथे जुने वीरगळ उभे आहेत. महाराष्ट्रात वीरगळ पुष्कळ. पण एकसरचे वेगळे, कारण त्यांवर समुद्रातली लढाई कोरलेली आहे: वल्ह्यांच्या नौका रांगेने चाललेल्या, खाली पडलेली माणसे, वर विमानातून त्यांना नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, हे आम्हाला तिथे सांगण्यात आले. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात तेराव्या शतकात समुद्रावर युद्ध झाले, त्याच्याशी काही अभ्यासक या दगडांचा संबंध जोडतात. काही जण त्यांना आणखी जुने मानतात. तो वाद पंडितांवर सोपवू. मला महत्त्वाचे वाटले ते हे की, गावकऱ्यांनी त्या दगडांना शेंदूर फासला आहे, त्यांची पूजा होते. पूजा करणाऱ्याला विचारले की हा वीर शिलाहारांचा की यादवांचा, तर तो हसून पुढे जातो. शिलाहारही आपले, यादवही आपले. वैर विरून गेले, वीर राहिला. हे व्हायला सातशे-आठशे वर्षे लागली, हे खरे. पण व्हायचे ते हेच असेल तर ते थोडे लवकर व्हावे, असे म्हणण्यात त्या वीराचा कोणता अपमान होतो?

आपल्या महाभारतातही युद्ध जिंकल्यावर स्त्रीपर्व आहेच. तिथे रणांगणावर गांधारी आहे, कुंती आहे, सुना आहेत. आणि युधिष्ठिर दोन्ही बाजूंच्या मृतांना अग्नी देण्याची व्यवस्था करतो. ज्यांचे कुणी उरले नाही त्यांनाही. विजयोत्सव त्यानंतर. व्यासांनी आधी पाळले आणि मग साजरे केले.

माझ्या त्या वाक्यातला दोष मला आता दिसतो. वाक्य खोटे नव्हते. पण ते स्तब्धतेच्या आधी यायचे होते आणि त्यात मुरली नाईकपेक्षा माझी प्रार्थना मोठी झाली होती. ज्याच्या नावाने बोलायचे त्याचे नाव आधी, नीट, गावासकट घ्यावे. मग गप्प राहावे, खरोखरचे गप्प, ध्वनिफितीविना. आणि नंतर बोलावे. बोलताना “ते व्यर्थ गेले” असा सूर चुकूनही येऊ देऊ नये, कारण ते खरे नाही आणि ते ठरवणारे आपण कुणी नव्हे. घरच्या माणसांना शांततेचा उपदेश करू नये. त्यांना तो आपल्यापेक्षा जास्त कळतो. मैत्रिणीने मला नंतर सांगितले की मेच्या त्या चार दिवसांत तिच्या आईने दूरचित्रवाणी संच बंदच ठेवला होता. बातम्या देणाऱ्यांचा आवाज सहन होईना. “युद्ध हवं असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही,” ती म्हणाली, “ते तुमच्या इमारतींत म्हणतात.”

गेल्या ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा घेऊन मी तिच्याबरोबर फिरले. तो दिवस रविवार होता, म्हणून सोमवारी. कला शाखेच्या वर्गांत बरे पैसे जमले, वाणिज्यच्या वर्गांत आणखी बरे. एका वर्गात फारच थोडे, आणि नेमक्या त्याच वर्गातून घोषणांचा आवाज सर्वांत मोठा आला होता, एवढे नोंदवून ठेवते. फिरता फिरता आम्ही पुढच्या २६ जुलैचे टिपण दोघींनी मिळून लिहिले. तिने उपनगरांतली आणि ठाणे जिल्ह्यातली नावे गोळा करण्याचे काम घेतले आहे. मिरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे, जे २०१८ च्या ऑगस्टमध्ये गुरेझला पडले, त्यांचे नाव सर्वांत वर आहे, त्याखाली मुरली नाईक. नावे ती वाचणार. मग दोन मिनिटे स्तब्धता. मग मी एक वाक्य म्हणायचे.

वाक्य तिने दुरुस्त केले. ‘प्रार्थना करू या’ काढून टाकले. म्हणाली, प्रार्थना करून तुम्ही मोकळे होता. आता ते असे आहे: “ही यादी इथेच थांबावी म्हणून आपल्याला जे करता येईल ते आपण केले का, हे पुढच्या वर्षी याच जागी एकमेकांना विचारू या.” सीमेच्या पलीकडचा उल्लेख ठेवावा की नाही यावर आमचे अजून एकमत नाही. मी म्हणते ठेवावा. ती म्हणते, बाबांना विचारून सांगते.

टिपण जानेवारीत सरांकडे दिले आहे. त्यांनी ते अजून परत केलेले नाही.